शोकेसमधली माय

माझी नात जर्मनीत असते. ती सांगते, तिकडे कायदाच आहे: कुठल्याही कंपनीला लिहायचं की माझं जे काही तुमच्याकडे ठेवलंय ते द्या, आणि त्यांना ते द्यावं लागतं. मी म्हणालो, असा कायदा मला सत्तरच्या दशकात नागपुरात हवा होता.

तेव्हा लकडगंजात माझी लाकडाची वखार नुकती उभी राहिली होती. माय जाऊन वर्ष झालं होतं आणि घरात तिचा एकही फोटो नव्हता. एका दुपारी वसुलीहून परतताना एका फोटो स्टुडिओच्या काचेमागे ती दिसली. कपाळावर गोंदण, पदर कानामागे, हसू दाबून बसलेली. मग आठवलं. एका फोटोवाल्यानं मले फुकट बसवलं, असं ती एकदा घरी येऊन म्हणाली होती. आम्ही तिची थट्टा केली होती.

मालकाने एक प्रत देऊ केली, तीही फुकट. मला निगेटिव्ह हवी होती. रस्त्यावरचा कोणीही तिला बघणार आणि मी मागून घ्यायची?

"निगेटिव्ह दुकानाची राहते, भाऊ. तुमच्या मायनं पैसे देले होते काय?"

"चेहरा तिचा, माय माही, अन् फोटो तुहा काहून गा?"

लाकडाच्या बाजारात पहिला देकार कोणी घेत नाही. पायरी उतरून चालू लागायचं, समोरचा हाक मारतोच. मी उतरलो, पानठेल्यावर मुद्दाम रेंगाळलो. हाक आली नाही. राग असा चढला की पावसाळा सरेपर्यंत त्या रस्त्याने गेलोच नाही.

गेलो तेव्हा काचेमागे नवरा-नवरी होते. मायचा फोटो उन्हाने पिवळा पडला म्हणून फेकला होता. जुन्या निगेटिव्ह त्यांतली चांदी काढणाऱ्याला एकगठ्ठा विकल्या होत्या. वरून मालक मलाच म्हणाला, तुम्ही आलेच नाही. त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

धाकटी बहीण जवळच्या कुही गावात दिली होती. तिला जाऊन सगळं सांगितलं. ती भांडली नाही.

"मले तरी एक डाव नेऊन दाखवायची होती, भाऊ."

मग तिनं विचारलं, माय कोणतं लुगडं नेसली होती. काळ्या-पांढऱ्या फोटोत ते मला कळलं नव्हतं.