मानपानातलं हरीण

"आल्ती. जेवून गेली."

आप्पांचा फोन असाच सुरू व्हायचा. हॅलो नाही, रामराम नाही, पलीकडे कोण आहे याची चौकशी नाही. सकाळी मी नगरला आमच्या कुंड्यांना पाणी घालत असायचो आणि कर्जतकडून हा निरोप यायचा. आप्पा म्हणजे आमच्या सूनबाईचे, मनीषाचे वडील, माझे व्याही. पहिला फोन आला तेव्हा लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता. मी आपलं सांभाळून विचारलं, "कोण मंडळी आली होती? झोपायची वगैरे नीट सोय झाली ना?" मग म्हणाले, "पाव्हनं, हरनं वो! हरभरा खाल्ला रानातला. मुडदा बशिवला त्यांचा!" मी घाईघाईने सॉरी म्हणालो. कशाबद्दल म्हणालो, ते मला अजून कळलेलं नाही.

आप्पांना जाऊन आता वर्ष होईल. किडकिडीत माणूस, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि आवाज असा की फोन नसता तरी नगरला ऐकू आला असता. रेहेकुरीच्या अभयारण्यापासून त्यांची वस्ती जवळच. तिथली काळविटं यांच्या शेतात चरायला येत आणि थंडीभर आप्पा राखण करत. शिव्या तर अशा द्यायचे की मी फोन कानापासून लांब धरायचो. पण शेजारच्या शेतकऱ्याने कुंपणाला करंट सोडायचा विचार बोलून दाखवला, तेव्हा आप्पांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. मी चकित होऊन विचारलं, "अहो, तुमच्याच फायद्याचं होतं ना ते?" तर म्हणाले, "जनावराला सातबारा कळत न्हाई, पाव्हनं. आमचं भांडान घरातलं हाय. घरातल्या भांडनात कुनी करंट लावतं का?"

मी जन्मभर जिल्हा परिषदेत कारकुनी केली. मला कुठलाही कागद एका फाइलीत लागतो, या नाहीतर त्या. हा माणूस हरणांचा वैरी की सोयरा, ते काही केल्या ठरेना. मनीषाला विचारलं तर ती हसायची आणि म्हणायची, "मलाही नाही माहीत, बाबा."

त्यात आमच्या हिने एक घोळ घालून ठेवला होता. लग्नात पंगत उठल्यावर ही आप्पांना चेष्टेत म्हणाली, "तुमच्याकडे हरणं आहेत म्हणे. आम्हाला दाखवणार की नाही?" झालं! आप्पांनी ते मनावर घेतलं. त्यांच्या लेखी मुलीच्या सासूने मागितलं म्हणजे तो मानपानच. साड्या दिल्या, टोप्या-उपरणी दिली, सगळं यथासांग झालं. हरीण तेवढं राहिलं. फोन ठेवताना दर वेळी ते म्हणायचे, "विहीनबाईंना सांगा, हरनाचं ध्यानात हाय." हिला मी शंभरदा बजावलं की यापुढे व्याह्यांशी चेष्टा करू नकोस, आणि केलीसच तर बारक्या जनावराची कर.

शेवटी योग आला. सोलापूरला एका लग्नाला गाडीने निघालो होतो. मुलगा गाडी चालवत होता, शेजारी मी, मागे ही आणि मनीषा. वाटेत अर्धा दिवस आप्पांकडे थांबायचं, हरणं बघायची, जेवायचं आणि पुढे निघायचं असा बेत. आप्पा भल्या सकाळी अभयारण्याच्या फाटकाशीच उभे होते, डोक्यावर कोरी टोपी. मनीषाने गाडीतून उतरल्या उतरल्या विचारलं, "आप्पा, रानात कोन हाय?"

"हाय की आई."

"आई सैपाक करनार का राखन करनार?"

"तू गप. घाटं भरल्यात म्हनून काय पाव्हन्यांना फाटकावरनं परत लावू का?"

एवढं ऐकून मी मनात चरकलो. घाटे भरले म्हणजे हरभरा ऐन तोंडाशी आलेला. मागच्या साली ज्वारी गेली होती, यंदाची सगळी भिस्त या हरभऱ्यावर, हे रोजच्या फोनमुळे मला पाठ होतं. आणि आमच्या पायी त्याला आज कुणी राखणदार नव्हता. पण आता परत जाऊ म्हणावं तर एवढा नटूनथटून आलेला माणूस.

आप्पा पुढे, आम्ही मागे. "कुनी आवाज करायचा न्हाई," असं त्यांनी एवढ्या मोठ्याने सांगितलं की बाभळीवरची पाखरं उडाली. पिवळं गवत, बाभळी, मधूनच पायवाट. एका पायवाटेने गेलो तर मनोरा आला. दुसरीने गेलो तर पुन्हा मनोरा आला. आप्पा म्हणाले, "हा दुसरा." मनोऱ्याच्या पायरीवर हिचा विसरलेला रुमाल होता, तो हिने मुकाट्याने उचलला. हरीण एकही नाही. एका ठिकाणी लेंड्या दिसल्या तसे आप्पा मोहरले. "ह्या बघा, ताज्या हायत! हात लावून बघा, गरम हायत." त्या उन्हात दगडसुद्धा गरम होते, पण आप्पांचा उत्साह बघून हिने लेंड्यांचा फोटो काढला.

ऊन चढलं. पहारेकरी भेटला, तो म्हणाला, "काल सांजच्याला ढीगभर हुती." ते ऐकून तर आप्पांचा चेहरा पारच उतरला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरीच्या सासरची मान्सं पैल्यांदा आली, आन् ही अशी." जेवायला बोलावून भाकरी कमी पडावी, तसं त्यांना झालं होतं. ही समजुतीने म्हणाली, "आप्पा, आम्ही काय हरणांसाठी आलो का? तुम्हाला भेटायला आलो." त्यावर ते आणखीच ओशाळले. मनीषा सारखी वस्तीच्या दिशेने बघत होती.

वस्तीवर आलो. गाडी बांधाशी थांबली, आणि समोर, आप्पांच्या हरभऱ्यात, हरणंच हरणं! कळपच्या कळप. मधोमध एक काळवीट, पिळदार शिंगांचं, काळंभोर, मान वर करून आमच्याकडे बघणारं. मी एवढं देखणं जनावर आयुष्यात पाहिलं नव्हतं. ही हरखून टाळ्या वाजवणार, तेवढ्यात घरातून मनीषाची आई पिठाच्या हातांनीच धावत आल्या. हाकारा घालायला त्यांनी तोंड उघडलं, तोच आप्पांनी हात वर केला.

"थांब! पाव्हनं बघत्यात."

त्या जागीच थांबल्या. आप्पा आमच्याकडे वळले. तोंडभर हसू, आणि डोळे मात्र शेताकडे बघायचं टाळत होते. "दिसत्यात का, विहीनबाई? नीट दिसत्यात का? फोटू काढा. काय घाई न्हाई."

हिला बिचारीला काय माहीत! ती फोटो काढू लागली. मला मात्र घाटे तुटल्याचा आवाज येत होता, की तसा भास होत होता, कोण जाणे. हाकला म्हणावं, तर या माणसाने वर्षभर मनात धरलेलं ताट लाथाडल्यासारखं होणार. बघत राहावं, तर त्याच्या वर्षाचं धान्य डोळ्यांदेखत जाणार. हसावं की ओरडावं, मला सुचेना. आप्पा एकदा माझ्याकडे बघत, एकदा जमिनीकडे.

तेवढ्यात गाडीचं दार धाडकन वाजलं. मनीषाने चपला बांधावरच फेकल्या, ओढणी कमरेला खोचली आणि ओरडत शेतात घुसली. "हाऽऽ हुर्र! हाऽऽ!" आमच्या घरात खालच्या आवाजात बोलणारी ही मुलगी! आप्पा घाबरून किंचाळले, "मने, अगं पाव्हनं बघत्यात! पाव्हनं!"

ती पळता पळता वळली. "मी पाव्हनी न्हाई, आप्पा!"

आणि हरणं उसळली. बांधावरून, बोरीवरून, एकामागून एक अशा उड्या की ही फोटो काढायचं विसरली. आप्पा मात्र हरणांकडे बघतच नव्हते. ते मुलीकडे बघत होते, टोपी हातात घेऊन. चेहऱ्यावर सुख होतं की लाज, मला नाही सांगता येणार.

मनीषा लंगडत परत आली. टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. आप्पांनी तिला बांधावर बसवलं, तिचा पाय स्वतःच्या मांडीवर, त्या इस्त्रीच्या कपड्यांवर, घेतला आणि वाकून काटा काढू लागले. आम्ही गाडीशी तसेच उभे. जवळ जावं की तोंड फिरवून उभं राहावं, कळत नव्हतं. अखेर मी चार पावलं पुढे गेलो. आप्पांनी मान वर केली. डोळे भरलेले होते.

"रागावू नगा, पाव्हनं," ते म्हणाले. "अजून ल्हान हाय ती."

मी त्यांच्याशेजारी बांधावर टेकलो. कसाबसा म्हणालो, "राहू द्या हो. आमच्याकडेही तिला लहानच राहू द्या."