ओटीतला बोनस

सांगलीच्या गिरणीत मी सूत गुंडाळायच्या खात्यात होते. नवरा लढाईत गेल्याची तार आली आणि त्याचे दिवस घालून महिना झाला नाही तोच मी गिरणीच्या फाटकात कामासाठी उभी राहिले. रडत बसायचा माझा स्वभाव नाही, आजही नाही.

दरसाल दिवाळीला मालक प्रत्येकीला एक लुगडं द्यायचे. त्याला पोस्त म्हणत. कारकून ते अंगावर टाकायचा आणि वर आम्हीच त्याला नमस्कार करायचो. पुढे संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झालं आणि तिकडचे कामगार कायदे इकडेही लागू झाले. युनियनवाले फाटकाशी सांगू लागले, की बोनस ही मालकाची मेहेरबानी नव्हे, नफ्यातला आपला हक्काचा वाटा आहे. दावा कोर्टात गेला. मी दिराच्या घरात उपऱ्यासारखी राहत होते; बोनस मिळाला, की वेगळी खोली घ्यायची, हे मी मनाशी पक्कं केलं.

मालकही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. निकालाआधीच त्यांनी डाव टाकला. यंदा बाईसाहेब स्वतः ओटी भरणार, खणानारळाबरोबर भारी लुगडं देणार. घेणारीनं फक्त कागदावर अंगठा उठवायचा, की बोनस पोचला. भरत्या ओटीला नाही म्हणणारी बाई आमच्या मुलखात अजून जन्मायची होती. पण एक गोष्ट मालकांच्या ध्यानात आली नाही. ओटी सवाष्णीची भरतात, आणि आमच्या खात्यात निम्म्या बायका माझ्यासारख्या बिनकुंकवाच्या होत्या.

अंगणात पाट मांडले. सवाष्णी पुढे बसल्या, आम्ही मागे भिंतीशी. कारकून हळूच येऊन म्हणाला, "तुमची लुगडी मागल्या दारानं देतो. अंगठा तेवढा इथंच करा."

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं मी विचारलं, "येवढी वर्सं काम करताना माजं कपाळ कुनी बघितलं न्हाई. मग आजच का बघताय?"

पहिल्या पाटावर माझ्या शेजारच्या यंत्रावरची मैत्रीण पदर पसरून बसली होती. बाईसाहेबांनी नारळ उचलला आणि हिनं पदर मागे घेऊन कमरेला खोचला.

"राग मानू नगा बाईसाहेब. ही आन् मी येकच काम करतो. तिला मागल्या दारानं, तर मला बी तिकडनंच."

ती उठली. मग पाट रिकामे व्हायला वेळ लागला नाही. कुंकवाचा करंडा हातात धरून बाईसाहेब तशाच उभ्या राहिल्या. बाई चांगली होती, मला तिचं वाईट वाटलं. मालकांचं मुळीच वाटलं नाही.

पुढे निकाल लागला: बोनस प्रत्येक कामगाराला, ज्याच्या त्याच्या मजुरीच्या मानानं. टेबल पुढल्या दाराशीच मांडलं आणि रांग एकच होती. माझी पाळी आली तेव्हा कारकुनानं मान वर न करता नाव विचारलं. नवरा गेल्यापासून मला कुणी नाव विचारलं नव्हतं. मी कुणाची तरी विधवा, कुणाची तरी भावजय. मी माझं नाव सांगितलं.

तो दचकला. "अहो, ऐकू येतंय मला. ओरडताय कशाला?"

"तुमच्यासाठी न्हाई," मी म्हटलं, "मागं भिंतीपत्तूर जाऊ द्या म्हनून."

आणि पैसे कनवटीला लावून तशीच खोलीवाल्याकडे गेले.