तीन मालक आणि एक गुडघा

परवा एका लग्नात पंगत उठण्याच्या बेतात असताना डॉक्टरांनी पुन्हा तीच गोष्ट सांगितली. वलगावच्या रस्त्यावर वकीलसाहेबांनी, म्हणजे मी, आपली गाडी चिखलात घातली, बैलांनी ती ओढून काढली, आणि तरीही वकीलसाहेबांच्या साडूने तशीच गाडी घेतली, ती केवळ डॉक्टरांच्या सल्ल्यामुळे. मंडळी मनसोक्त हसली. डॉक्टर मला वयाने वडील आहेत, म्हणून भर मांडवात मी बोललो नाही. येथे बोलतो. शेटजींच्या घरी हीच गोष्ट वेगळी सांगतात. तेथे ते बैल शेटजींनी पाठवलेले असतात. वस्तुस्थिती अशी की त्या संध्याकाळी वलगावच्या रस्त्यावर डॉक्टरही नव्हते आणि शेटजीही नव्हते. मी होतो, माझा साडू होता, आणि एक बैलबंडीवाला होता.

हा प्रकार साठ सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतला. मध्यम मिळकतीच्या माणसाला झेपेल अशी चार दारांची, मागे डिकी असलेली एकच देशी गाडी तेव्हा आमच्या नजरेत होती, आणि अमरावतीच्या आमच्या ओळखीत ती तिघांकडे होती: डॉक्टर, जिनिंगवाले शेटजी आणि मी. माझी गाडी जुनी घेतलेली होती, हे शेटजी हटकून सांगत. असेल. पण छपन्न सालच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या वस्तीत उभी राहिलेली ती पहिली मोटार होती, आणि कोर्टात ज्या दिमाखाने मी ती लावत असे तो दिमाख नव्या गाडीवाल्यांनाही साधला नाही.

गाडी एकच, पण मते तीन. डॉक्टर म्हणत, ही गाडी म्हणजे शांत स्वभावाची, हिला हळू चालवावे. शेटजी म्हणत, हिला पळवल्याशिवाय हिचे इंजिन मोकळे होत नाही. माझे म्हणणे, जे आजही बदललेले नाही, असे की गाडी रस्ता पाहून चालवावी, स्वभाव पाहून नव्हे. दर रविवारी चहाच्या कपावर हे भांडण होई आणि तिघेही आपापल्या मतासह घरी जात.

माझा साडू अकोल्याला शाळा तपासनीस होता. शिकत असताना दोन वर्षे त्याने एका कंत्राटदाराची लॉरी चालवली होती, त्यामुळे गाडीचे त्याला भय नव्हते. पण मूर्तिजापूरकडे सायकलवरून पडून त्याचा डावा गुडघा मोडला. हाड जुळले, पण पायात पहिला जोर आला नाही. सायकल सुटली. खेड्यापाड्यातल्या शाळा मोटारस्टँडपासून कोसभर आत. तेथे हा काठी टेकत जाई. वरच्या साहेबांनी सुचवले होते की त्याने आता कचेरीत बसून कागद पाहावेत. ते त्याला मरणाहून वाईट वाटत होते. म्हणूनच त्याने गाडीसाठी नाव नोंदवले होते आणि काही वर्षे वाट पाहिली होती. अखेर त्याचा क्रमांक लागला. पंधरा दिवसांत होकार कळवायचा, नाहीतर गाडी पुढच्याला. त्याच्यापुढे प्रश्न एकच होता: डाव्या पायाने क्लच दाबला जाईल की नाही?

हाच प्रश्न घेऊन तो एका रविवारी सकाळी अमरावतीला आला. डॉक्टरांनी त्याला पुढच्या सीटवर शेजारी बसवून बडनेऱ्यापर्यंत नेले. परत आल्यावर मी विचारले, तर डॉक्टर म्हणाले, "अहो, क्लचची कसली काळजी? नाडी पाहायला बोट ठेवतो ना, तेवढा जोर पुरे."

दुपारी शेटजींकडे जेवण. पाटोडीची आमटी, भाकरी आणि वर आग्रह. जेवण होताच शेटजींनी त्याला तिवशाच्या रस्त्याला पिटाळत नेले. उतरल्यावर ते साडूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाहा मास्तर, खोटं सांगणार नाई. क्लच लय भारी आहे. प्रेसमधी रुईची गाठ दाबायले जेवढा जोर लागते ना, तेवढा लागते. तुमच्या पायाले नाई झेपणार, बाप्पा."

साडूचा चेहरा उतरला. मी तेथेच शेटजींना सुनावले, "शेटजी, तुमचं पोट स्टिअरिंगला टेकते म्हणून तुम्ही सीट पार मागे लोटून बसता. तुमच्या पायाचा फक्त अंगठा क्लचपर्यंत पोचते. अंगठ्यानं गाठ दाबाल तर भारी लागणारच!"

"आन् डॉक्टर?" शेटजी म्हणाले. "ते तं क्लचवर बसूनच गाडी चालवते!"

हेही खरे होते. डॉक्टर बुटके, सीट पुढे ओढून ते जवळजवळ छातीने गाडी हाकत. एवढे निदान मी त्याच दुपारी केले होते, आणि त्याचे श्रेय मी कोणालाही देणार नाही.

पण निदान करूनही चूक माझ्याही हातून झालीच, आणि ती मी लपवत नाही. चहानंतर मी साडूला माझ्या गाडीत घातले, आणि मीसुद्धा त्याला शेजारीच बसवले. आमच्या वऱ्हाडात पाहुण्याला पाटावर बसवायचे, पान वाढायचे, त्याला हात हलवू द्यायचा नाही. त्या सवयीने आम्ही तिघांनी दिवसभर त्याला गाडीतून फिरवले, आणि ज्या पायाचा प्रश्न होता तो पाय दिवसभर रिकामा ठेवला. पाहुण्याच्या हाती स्टिअरिंग देणे म्हणजे त्याला राबवणे, असे आम्हाला वाटत होते. शिवाय आपली गाडी दुसऱ्याच्या हाती देण्याची तिघांचीही छाती नव्हती, हेही लिहून टाकतो.

वलगाव अजून पुढे होते. मी गिअर कसा टाकावा ते समजावून सांगत होतो. साडू एकाएकी म्हणाला, "भाऊ, गाडी थांबवा."

"काहून? पाय दुखून राहिला का?"

"पाय दुखायले त्यानं काही काम तं केलं पाह्यजे! सकायपासून तीन गाड्यांत बसलो. डॉक्टर सांगून राहिले, शेटजी सांगून राहिले, तुमी सांगून राहिले. पाय तं माहाच आहे ना? मले चालवू कोण देते?"

मी लगेच उतरलो नाही. सीटवरची धूळ झटकली, आरसा पुसला, घड्याळ पाहिले. तो हसला. म्हणाला, "कोर्टात तारीख मागता तशी इथंही मागून राहिले का, वकीलसाहेब?"

तेव्हा मी उतरलो. सीट त्याच्या उंचीप्रमाणे पुढे घेतली, पाठीशी घोंगडीची घडी दिली, आणि आयुष्यात प्रथमच माझ्या गाडीत डावीकडे बसलो.

पहिला गिअर पडला. गाडीला एक हिसका बसला, मग ती चालू लागली. दुसरा पडला. लॉरीची जुनी सवय त्याच्या हातांत परत येताना मला दिसत होती. ओठ मात्र त्याने घट्ट मिटले होते. मी काही बोललो नाही. हे माझ्या ओळखीतल्या कोणालाही पटत नाही, पण मी खरोखरच काही बोललो नाही.

समोरून कापसाने भरलेली बंडी आली. रस्ता अरुंद. साडूने गाडी सभ्यपणे बाजूला घेतली, जरा जास्तच सभ्यपणे. रस्त्याच्या कडेला संत्र्याच्या बागेचे पाणी झिरपून काळी माती लोण्यासारखी झाली होती. डावी दोन्ही चाके आत गेली आणि गाडी माझ्या बाजूला कलली. तेव्हा गाडी चिखलात गेली, हे खरे. ती मी घातली नाही.

मी ओरडणार, तोच साडू ओरडला, "भाऊ, इंजन चालूच आहे!"

मी त्याच्या पायाकडे पाहिले. डावा पाय क्लचवर टाचेपर्यंत रोवलेला, गुडघा किंचित थरथरत होता, पण ढिला पडला नव्हता. घाबरलेल्या माणसाचा पाय सुटतो आणि इंजिन गचका खाऊन बंद पडते. धडधाकट पायाच्या शेटजींचे कितीदा बंद पडलेले मी पाहिले होते. याचे पडले नाही. कोर्टात याहून चोख पुरावा मी क्वचितच पाहिला.

बंडीवाला खाली उतरला. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "काहून जी, गाडीले पाणी पाजायले आनलं का?" मग त्याने आपली बैलजोडी सोडली, पुढच्या बंपरला दोर बांधला, आणि थोड्याच वेळात आम्ही पुन्हा रस्त्यावर होतो. बैल त्याचे होते. शेटजींचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नाही. पैसे देऊ केले तर त्याने घेतले नाहीत. "चालवणार कोण आता?" एवढेच विचारले.

मी दार उघडून डावीकडेच बसलो. साडूने चिखलाचे जोडे गवताला पुसले आणि तो स्टिअरिंगपाशी बसला. थेट माझ्या दारापर्यंत त्याने गाडी आणली. घरात शिरण्याआधी ओट्यावर बसूनच त्याने होकाराचे पत्र लिहिले, आणि सकाळी अकोल्याच्या गाडीत बसण्यापूर्वी स्वतःच्या हाताने पेटीत टाकले. डॉक्टरांचा सल्ला घेण्यास मध्ये वेळ कोठे होता?

गाडी आली. तिच्यातून तो बार्शीटाकळीपासून बाळापूरपर्यंतच्या शाळा तपासत हिंडला, आणि कचेरीत बसण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. मालक झाल्यावर त्याचेही गाडीबद्दल मत झाले आणि आम्हा तिघांशी त्याचे पटेनासे झाले. क्लचविषयी तो कधी चकार शब्द बोलला नाही. गाडीचा हॉर्न फार बारीक आहे, शाळेच्या वाटेवरच्या बकऱ्या त्याला मुळीच जुमानत नाहीत, ही त्याची एकमेव तक्रार होती. आणि ती, मी त्याला अनेकदा समजावूनही, साफ चुकीची होती.