बर्फातल्या लढाईवर पेरलेले अळीव

माझे सासरे सप्टेंबरच्या शेवटी सहा महिन्यांसाठी आमच्याकडे इंग्लंडात, रीडिंगला आले आणि अकराव्या दिवशी म्हणाले, "सूनबाई, परतीचं तिकीट जरा अलीकडचं करून मिळतं का बघ."

आम्हाला ते सहाही महिने हवे होते. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. त्यांच्या माघारी ते एकदा केलेली आमटी दोन दिवस गरम करून खातात, हे गावाकडच्या शेजारच्या काकूंनी फोनवर सांगितलं होतं. हे सगळं त्यांना तोंडावर सांगायची माझी छाती नाही. म्हणून म्हटलं, "बाबा, एअरलाइनची साइट डाऊन आहे."

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. साइट डाऊन आहे की नाही हे सांगण्याचाच पगार घेते. तरी पुढचे तीन आठवडे ती साइट मी डाऊनच ठेवली.

दरम्यान त्यांना रमवण्याचा चार्ज मी घेतला. सासरे तालुक्याच्या शाळेत छत्तीस वर्षं इतिहास शिकवायचे, तेव्हा म्हटलं, किल्ला दाखवावा. एका रविवारी दीड तास गाडी हाणत नेलं. तटबंदी, खंदक, कॅफे, सगळं फिरून झाल्यावर ते म्हणाले, "छान आहे. पण वेढा पडल्यावर पाणी कुठून मिळायचं, ते कुठंच लिहिलेलं नाही." परतीच्या वाटेवर M4 हायवेवर जॅम लागला. "साइट सुरू झाली का?" त्यांनी विचारलं.

म्युझियम मात्र मी शोधलेलं नाही. ते पावसानं दाखवलं. लेकीची बॅडमिंटनची मॅच पाऊण तासावरच्या एका गावात होती. स्पोर्ट्‌स हॉलमध्ये बसायला जागा नव्हती, म्हणून आम्ही दोघं शेजारच्या सर्बियन चर्चच्या हॉलच्या दारात उभे राहिलो. दार उघडलं आणि एक वयस्कर बाई म्हणाल्या, "म्युझियमला आलात ना? या."

नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत आम्ही आत होतो.

म्युझियम म्हणजे हॉलच्या मागची एक खोली. तुर्कांविरुद्ध बंड केलेल्या एका सर्बियन वीराची. त्याचं नाव बाईंनी मला चार वेळा म्हणून दाखवलं, पाचव्यांदा मी नुसतीच मान डोलावली. मोठ्या मिशांचं त्याचं चित्र, एक वाकडी तलवार, चांदीच्या मुठीचं पिस्तूल, आणि मधोमध टेबलावर काचेच्या झाकणाखाली त्याच्या एका लढाईचा देखावा. डोंगर, मातीचा कोट, बोटाएवढी माणसं. पण छत गळून अर्धा डोंगर बसला होता आणि माणसं उताणी पडली होती.

बाईंचे वडील महायुद्धानंतर इकडे आलेले. त्यांनीच ही खोली लावली. आता दर शनिवारी अकरा ते तीन बाई एकट्या उघडतात. त्या सांगायला लागल्या. हा वीर मुळात गुरांचा व्यापारी होता, पदरी मूठभर माणसं, जंगलात दबा धरायचा, शत्रू दमला की तुटून पडायचा.

"गनिमी कावा," सासरे मराठीतच म्हणाले. मग शाळेतल्या इंग्रजीत, "मॅडम, सेम. अवर महाराज. सेम टू सेम."

आल्यापासून जेवढं बोलले नव्हते तेवढं ते त्या तासाभरात बोलले. निघताना त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "हे मी नीट करून देऊ?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हे दर दिवाळीत शाळेच्या पटांगणात मुलांकडून किल्ला करून घ्यायचे. एक्स्पर्ट आहेत." यात खोटं काही नव्हतं. फक्त किल्ला म्हणजे आमच्याकडे काय काय येतं, ते सांगायचं राहिलं.

पुढच्या शनिवारी दोन पोती माती, गोणपाट, विटांचे तुकडे अशी वरात घेऊन आम्ही गेलो. लेकही आली. सासऱ्यांनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि एकदम मुख्याध्यापक झाले. "चिखल घट्ट हवा. भज्याच्या पिठासारखा नको."

"आजोबा, माझा हात पूर्ण डर्टी झाली," लेक म्हणाली.

"मग आता कामाला लागली म्हणायची."

बाई किचनमध्ये कॉफी करायला गेल्या. डोंगर उभा राहिला, कोट चढला, माणसं आपापल्या जागी गेली. मग सासऱ्यांनी माझ्याकडे हात पुढे केला, सर्जन करतो तसा. "अळीव."

अळीव मीच आणले होते, गार्डन सेंटरमधून. ज्यानं लहानपणी दिवाळीचा किल्ला केलाय त्याला सांगायला नको. वर अळीव पेरल्याशिवाय डोंगर हा डोंगर नसतो, नुसता ढिगारा असतो. त्यांनी चिमटीनं पेरले, लेकीनं पाणी शिंपडलं, मी काचेचं झाकण लावलं. बाजूला हीटर सुरू होता.

आठवड्यानं गेलो तेव्हा बाई दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"प्रोफेसर," त्या म्हणाल्या, "माझ्या डोंगरावर सॅलड उगवलंय."

आत गेलो. खोटं कशाला बोलू, आमच्या सोसायटीत असा किल्ला झाला असता तर पहिलं बक्षीस होतं. हिरवागार, दोन बोटं उंच. मावळे, म्हणजे ते सर्बियन, कमरेपर्यंत हिरवळीत.

बाईंनी बोट वर केलं. टेबलाच्या बरोबर वर त्याच लढाईचं चित्र टांगलेलं होतं. बर्फ. डोंगरावर बर्फ, टोप्यांवर बर्फ, घोड्यांच्या तोंडून वाफ. दोन शनिवार ते चित्र माझ्या डोळ्यांसमोर होतं. लोकांच्या चुका काढून पोट भरणारी मी, मला एवढा बर्फ दिसला नाही.

सासऱ्यांचा चेहरा उतरला. छत्तीस वर्षांत मुलांना ते एकच सांगत आले होते, लढाई समजायची तर आधी ऋतू बघा. "माझी चूक," ते हळूच मला म्हणाले. "सांग त्यांना, काढून टाकतो. आणि ते तिकिटाचं बघच आता. इथं माझा काही उपयोग नाही."

पहिला अर्धा भाग मी बाईंना सांगितला. का कोण जाणे, दुसराही सांगून टाकला.

बाईंनी झाकण उचलून हिरवळीवरून तळहात फिरवला. "आम्ही पण पेरतो," त्या म्हणाल्या. "गहू. बशीत, ख्रिसमसच्या आधी. उगवला की रिबन बांधून टेबलावर ठेवायचा. आई होती तोवर ती पेरायची."

मी मराठीत सांगितलं. सासरे ताठ झाले. "म्हणजे घट," ते म्हणाले. "नवरात्रात आमची ही पेरायची."

बाईंनी दिलेली, एव्हाना थंड झालेली कॉफी मी पिऊन टाकली.

"असू दे," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं बिचारे बर्फात उभे आहेत. दोन आठवडे उन्हात राहू देत. मग आपण कापूस लावू." झाकण लावता लावता त्या वळल्या. "प्रोफेसर, डिसेंबरात गहू पेरायला या. पण बशीत. फक्त बशीत. आमचा ख्रिसमस जानेवारीत असतो, तोवर पाणी कोण घालणार?"

गाडीत लेक मागे झोपली होती. सासरे नखांतली माती कोरत बसले होते. रीडिंगचा एक्झिट जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "ती साइट सुरू झाली का?"

"नाही, बाबा."

"बरं आहे," ते म्हणाले. "एवढे दिवस तूच बिघडवून ठेवली आहेस, तर जानेवारीपर्यंत जरा लक्ष ठेव. कुणी दुरुस्त करायला नको."