वस्तीचा पहिला प्रश्न

गल्लीच्या तोंडाशी काकूंचं इस्त्रीचं टेबल होतं. कोळशाची जड इस्त्री, मागे शेगडी, आणि काकूंची जीभ या दोन्हींपेक्षा गरम. एकदा एका संस्थेच्या मॅडम वस्तीत आल्या आणि म्हणाल्या, "तुमचे प्रश्न आम्ही सांगणार नाही. तुमच्यातल्याच कुणीतरी ते शोधायचे." काकू लगेच तयार झाल्या. दुसऱ्यांच्या घरात डोकावायची हौस होतीच. आता तिला संशोधन म्हणायचं, एवढंच.

"खरं सांगा हं, संशोधन आहे!" असं दरडावत त्या दारोदार फिरल्या. शेवटी गल्लीत चित्रं मांडली: नळ, गटार, दिवा, कचरा. ज्याला जो प्रश्न मोठा वाटेल, त्यावर त्याने खडा ठेवायचा. एक कागद कोरा होता, राहून गेलेल्या प्रश्नासाठी. त्यावर कुणीतरी शेगडी काढली. बघता बघता सगळे खडे तिथेच. नळ बिचारा कोरडाच राहिला.

"ही कुणाची शेगडी?" काकूंनी विचारलं. सगळे आभाळ न्याहाळू लागले.

वरच्या खोलीत राहणारी धाकटी जाऊ म्हणाली, "तुमचीच, जाऊबाई. धूर सरळ आमच्या खिडकीत येतो. बाळ खोकतं."

"मग आजवर तोंडाला कुलूप होतं का?"

"आजवर तुम्ही विचारलंत कधी?"

त्या दिवशी काकू जेवल्या नाहीत. "लोकांचं काय मनावर घेतेस?" नवरा म्हणाला.

"तुम्ही कुठे ठेवलात खडा?"

"गटारावर," तो इतक्या घाईने म्हणाला, की काकू काय ते समजल्या.

मॅडमही पेचात पडल्या. निधी पाण्यासाठी येणार होता. "शेगडी ही वैयक्तिक बाब आहे, काकू. वगळू या ना."

काकू उसळल्या. "वगळता कशा? चपला झिजवल्यात मी!" आणि निधी देणाऱ्या पाहुण्यांच्या बैठकीत उभ्या राहून त्यांनी सांगून टाकलं, "वस्तीचा पहिला प्रश्न मी आहे. नळ दुसरा." पाहुण्यांना तो विनय वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग काकूंनी टेबल मैदानाच्या कडेला हलवलं. गल्लीतला धूर गेला आणि कुरकुर सुरू झाली: कपडे घेऊन एवढं लांब कोण जाणार? काकूंनी तिकडे लक्षच दिलं नाही.

जाऊ मात्र दुपारी बाळाला घेऊन तिथे येते. वाऱ्याची दिशा बघून बसते, कपड्यांच्या घड्या घालते आणि काकूंचं काय काय चुकतं ते मोकळेपणाने सांगते. काकू ऐकून घेतात. निदान मान तरी हलवतात.