पासवर्ड न देणारा माणूस

ती घटना मी विसरलो नाही, आणि विसरू देतील असे दिवसही राहिले नाहीत. हल्ली वर्तमानपत्रात वरचेवर येतं की लोकांचं जे काही मोबाइलमधून क्लाउडवर साठवलेलं असतं, त्याची चावी सरकारला मिळाली पाहिजे. कंपन्या म्हणतात, चावी आमच्याकडेच नाही. मग वाद सुरू होतो. निवृत्त अधिकारी म्हणून मलाही कोणी कोणी मत विचारतात. मी मत देण्याऐवजी ही हकिकत सांगतो. नावं कोणाचीच घेणार नाही.

तेव्हा मी अमरावतीतल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. जानेवारीचे दिवस. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी पाहत होतो, तेवढ्यात दोन माणसं आत आली. एक नवरा, एक भाऊ. नवरा नांदगाव पेठेतल्या कापड कारखान्यात कापडाच्या रंगाची तपासणी करायचा. भाऊ बार्शीटाकळीहून पहिल्या एसटीने आलेला, घरी शेती करणारा. नवऱ्याची बायको आणि भावाची बहीण असलेली ती बाई आदल्या दिवशी दुपारी घराबाहेर पडली होती आणि परतली नव्हती. ती एका प्राथमिक शाळेत शिकवायची. मूलबाळ नव्हतं.

बेपत्ता व्यक्तीची नोंद घेताना ठरलेले प्रश्न असतात. अंगावर काय होतं, घरात भांडण झालं होतं का, काही आजार आहे का. शेवटच्या प्रश्नावर नवऱ्याने क्षणभर मेहुण्याकडे पाहिलं आणि नाही म्हणाला. ते पाहणं माझ्या लक्षात आलं. त्याचा अर्थ तेव्हा मी वेगळा लावला.

बाईचा मोबाइल घरीच राहिला होता, त्यामुळे टॉवर लोकेशनचा उपयोग नव्हता. बसस्थानक, रेल्वे स्टेशन, दवाखाने पाहून झाले. शेजाऱ्यांचे जबाब घेतले, तेव्हा प्रकरणाला निराळंच वळण लागलं. समोरच्या घरातल्या बाईंनी सांगितलं की त्या घरातून मधूनमधून किंचाळण्याचे आवाज येतात, मग दार लावून घेतात, आणि दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाई मान खाली घालून शाळेत जातात. मास्तरीणबाई स्वतः कधी काही बोलल्या का, असं विचारलं तर म्हणाल्या, "नाही. पण आमाले का समजत नाही?"

नवऱ्याने स्वतःचा मोबाइल मागताच काढून दिला. आमच्याकडे सायबर सेलची एक महिला कॉन्स्टेबल होती, अकोल्याची, कमी बोलणारी. तिने सांगितलं की फोनवर काही नाही, पण त्याचं एक क्लाउड खातं आहे. त्यात बरेच मोठाले व्हिडिओ ठेवलेले आहेत, शेवटचा बाई गेली त्याच्या आदल्या दिवशीचा. सगळे अशा कुलपात की पासवर्डशिवाय उघडणार नाहीत.

मी नवऱ्याला बोलावून पासवर्ड विचारला. तो म्हणाला, "साहेब, त्याच्यात तिचं हाये, माह्यं काही नाही. ते मी नाही देऊ शकत."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एक पाहिलं होतं. गुन्हा केलेला माणूस फार बोलतो. न विचारलेलंही सांगतो, स्वतःचंच सांगणं दुरुस्त करतो. हा माणूस तसा नव्हता. त्याला चहा दिला, बसवून ठेवला, आवाज चढवला, मग समजावलं. तो तेच एक वाक्य सांगायचा. मधल्या वेळात कारखान्याची रजा टाकून मोटरसायकलवर शहरभर बायकोला शोधत फिरायचा आणि बोलावलं की पुन्हा येऊन बाकावर बसायचा.

बाहेर वातावरण तापत होतं. बार्शीटाकळीची माणसं ठाण्यासमोर येऊन बसली. मोबाइलवर बातम्या पसरवणाऱ्या एकाने पतीवर संशय असल्याचं छापून टाकलं. भाऊ माझ्यासमोर हात जोडून म्हणाला, "त्याच्यात काही नसतं तं त्यानं दाखवलं नसतं काय?" खरं तर माझाही तोच प्रश्न होता.

वरिष्ठांनी कंपनीकडे रीतसर मागणी पाठवायला सांगितलं. जिवाचा प्रश्न आहे असं स्पष्ट लिहून ती पाठवली. उत्तर लवकर आलं. खातं केव्हा उघडलं, कुठून वापरलं, एवढं त्यांनी दिलं. आतल्या मजकुराबद्दल लिहिलं होतं की त्याची चावी फक्त खातेदाराकडे असते, आम्हीही तो उघडू शकत नाही. मुंबईहून एका अधिकाऱ्यांचा फोन आला, सरकारला नाही म्हणतात म्हणजे काय, पुन्हा लिहा. पुन्हा लिहिलं. तेच उत्तर. मग सूचना आली की नवऱ्याकडूनच काढून घ्या. पण तो आरोपी नव्हता. गुन्हाच दाखल नव्हता. अशा माणसाला पासवर्डसाठी किती दाबता येतं, याबद्दल आमच्यातही एकमत नव्हतं.

मी त्याला पुन्हा एकटा घेऊन बसलो. म्हटलं, तुमच्याशिवाय कोणाकडे चावी नाही, आता तुम्हीच सांगा. तो मग म्हणाला, "साहेब, मी दिलं, अन् ते या ठाण्याच्या बाहेर कदी जाणार नाही, असं तुमी मले लिहून देता काय?"

मी लिहून देऊ शकलो नाही. काही महिन्यांपूर्वीच आमच्या जिल्ह्यातल्या एका अपघाताचे फोटो कुठून तरी सुटले होते आणि आमचा निरोप जाण्याआधीच मयताच्या घरच्यांच्या मोबाइलवर पोचले होते. कोणी पाठवले ते शेवटपर्यंत कळलं नाही. ते त्यालाही ठाऊक होतं, साऱ्या शहराला ठाऊक होतं. मी म्हणालो, मी माझ्याकडून काळजी घेईन. तो म्हणाला, "तुमच्यावर भरोसा हाये साहेब. पण तुमी एकटे नाही ना इथं." आणि उठून गेला.

पुढची खबर पाचव्या दिवशी परतवाड्याहून आली. आम्ही बाईचा फोटो सगळीकडे पाठवला होता. तिथल्या एका काळीपिवळी जीपवाल्याने तो पाहून फोन केला. घरातून निघाली त्याच संध्याकाळी ही बाई त्याच्या जीपमध्ये बसली होती. हातात पिशवी नव्हती, अंगावर स्वेटर नव्हतं, बोलणं मात्र नीट होतं. डोंगराकडे जाणाऱ्या एका फाट्यावर ती उतरली. तो म्हणाला, "मले वाटलं, बाई त्या बाजूच्या शाळेवर हायेत. तशाच वाटत होत्या."

म्हणजे ती घरातून जिवंत निघाली होती, स्वतःच्या पायाने. नवऱ्यावरचा संशय तिथेच गळून पडला. परतवाड्याच्या पोलिसांनी आणि वनरक्षकांनी शोध सुरू केला. पण त्या फाट्यापुढे मेळघाटाचं जंगल सुरू होतं, वाटा फुटत होत्या, पाडे विखुरलेले, आणि थंडी कडाक्याची.

मी नवऱ्याला बोलावून हे सांगितलं. तो भिंतीला टेकून खाली बसला. मी विचारलं, त्या भागात तिचं कोणी आहे? नाही म्हणाला. मग मी म्हणालो, आता तुमच्यावर कसलाही संशय नाही, मी पोलीस म्हणून विचारत नाही, त्या व्हिडिओंत ती कुठे जायचं बोलते का? त्याने डोळे पुसले आणि सगळं सांगितलं.

बायकोला तीन-चार वर्षांपासून मानसिक आजार होता. महिनोन्महिने ठीक असायची, मग झटका यायचा. तेव्हा तिला भलतेच आवाज ऐकू यायचे. ओरडायची, कपडे ओढून काढायची, शिव्या द्यायची. बरी झाली की तिला यातलं काहीच आठवायचं नाही, आणि विश्वासही बसायचा नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की झटक्याच्या वेळचं चित्रण करून आणा, म्हणजे औषध ठरवता येईल. तिने एक व्हिडिओ पाहिला आणि दिवसभर रडली. मग नवऱ्याकडून वचन घेतलं की हे डॉक्टरांशिवाय कोणाला दिसणार नाही, तिच्या माहेरीसुद्धा नाही. शाळेत कळलं असतं तर नोकरी गेली असती. कुलूप तिच्याच सांगण्यावरून घातलं होतं.

"आदी दोनदा अशीच निघून गेली होती साहेब. आपल्या पायानं परत आली. मले वाटलं, येईल."

त्याने पासवर्ड स्वतः घातला. खोलीत आम्ही तिघेच होतो, तो, मी आणि ती महिला कॉन्स्टेबल. प्रत घ्यायची नाही, असं मी आधीच सांगितलं होतं. पहिला व्हिडिओ सुरू झाला तसा मी खिडकीकडे तोंड करून बसलो. एका शिकवणाऱ्या बाईला त्या अवस्थेत मी पाहण्याची गरज नव्हती, ऐकणं पुरेसं होतं. कॉन्स्टेबलने मात्र सगळं पाहिलं.

एक गोष्ट त्या आवाजात पुनःपुन्हा येत होती. घंटी वाजवा, लेकरं उन्हात बसली आहेत, शाळेले कुलूप कोणी लावलं. नवरा म्हणाला, हे नेहमीचंच आहे, शाळेचं घोकत असते. कॉन्स्टेबलने एक तुकडा परत लावला आणि म्हणाली, "सर, त्या 'नाल्यापलीकडची घंटी' म्हणतात. अमरावतीच्या यांच्या शाळेजवळ नाला कुठं हाये?"

नवरा तिच्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं ते शब्द त्याच्या कानावर पडत होते. आजाराचं बोलणं म्हणून त्याने ते कधी ऐकलंच नव्हतं. मग त्याला आठवलं की लग्नाआधी तिने डोंगराकडच्या एका गावात काही काळ शिकवलं होतं. गावाचं नाव त्याला माहीत नव्हतं. भावाला माहीत असणार होतं.

भाऊ बाहेरच बाकावर बसलेला होता. त्याला आत बोलावून आधी आजाराचं सांगावं लागलं, आणि ते नवऱ्यानेच सांगितलं. भाऊ मग अगदी हळू म्हणाला, "आमाले काहून नाही सांगतलं? आमी का परके हाओ?" आणि गावाचं नाव सांगितलं. बहिणीला तिथे पहिल्या दिवशी पोचवायला तोच गेला होता.

आम्ही जीप काढली. वाटेत परतवाड्याला कळवलं होतं, त्यांची माणसं आमच्या थोडी आधी पोचली. शाळा नाल्यापलीकडेच होती. पोरं कमी झाली म्हणून ती केव्हाच बंद झालेली, वस्तीही पुढे सरकलेली, त्यामुळे तिकडे कोणी फिरकत नव्हतं. दाराला कुलूप होतं. बाई व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून बसलेली होती. जीव गेलेला होता. अंगावर कुठे जखम नाही, ओरखडा नाही. व्हरांडा झाडलेला होता. काटक्या बांधून केलेला झाडू कोपऱ्यात उभा करून ठेवला होता. पानगळीचे दिवस, अंगणभर पाला पडलेला, आणि तेवढी जागा स्वच्छ. मी पुष्कळ मृतदेह पाहिले आहेत. पंचनामा लिहिताना मला एवढा वेळ कधी लागला नाही.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली. डॉक्टरांनी सांगितलं, थंडी आणि उपासमार. मृत्यू आम्ही पोचण्याच्या आदल्या दिवशी केव्हातरी झाला असावा. नवऱ्याने मला विचारलं, केव्हा गेली? मी खरं ते सांगितलं. त्याने मनाशी हिशेब केला, तो मला त्याच्या चेहऱ्यावर दिसला.

"मंजे मी आदीच दाखवलं असतं तं ती सापडली असती."

मी म्हणालो, ठाम सांगता येत नाही. तो म्हणाला, "मी तिचा शब्द ठेवला साहेब."

तिच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीच्या दिवशी मी साध्या कपड्यांत बार्शीटाकळीला गेलो. वंदना झाल्यावर दोन-चार जण बोलले, बाई किती हुशार होती, शिकून कशी मोठी झाली. मग भाऊ उठला. ज्या माणसांनी माझ्या ठाण्यासमोर बसून नवऱ्याला अटक करा म्हटलं होतं, तीच समोर बसलेली होती. तो म्हणाला, "माही बहीण बिमार होती. साखरेची असते, बीपीची असते, तशीच बिमारी. तिनं आमच्यापासून लपवली, काहून का आमी काय म्हणू याचं तिले भेव होतं. जवायाचा दोष नाही." मग तो नवऱ्याशेजारी जाऊन बसला.

लोक मला विचारतात, तुम्ही चावीच्या बाजूचे की विरुद्ध? मी स्वतः ती चावी मागितली होती, दोनदा, सरकारी शिक्क्यानिशी. ती मिळाली असती तर बाई कदाचित वाचली असती, हे मी नाकारत नाही. पण तेच व्हिडिओ किती टेबलांवरून फिरले असते आणि वाचलेल्या बाईला त्याच शहरात तोंड कसं दाखवता आलं असतं, याचंही उत्तर माझ्याजवळ नाही. एवढं मात्र कळलं की त्या माणसाने आमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती, विश्वास, आणि ती आमच्या मुद्देमाल खोलीत नव्हती. राहिलेल्या नोकरीत मी एक पद्धत ठेवली. बेपत्ताची नोंद करायला कितीही माणसं येवोत, आजाराचा प्रश्न एकेकाला वेगळं बसवून विचारायचा, दार लावून, आणि उत्तर ऐकताना लिहायचं नाही.

नवरा मला नंतर एकदाच भेटला, अकोल्याच्या बसस्थानकावर. मेहुण्याकडे निघाला होता. गाडीला वेळ होता, आम्ही चहा घेतला. मी विचारलं, ते व्हिडिओ पुसून टाकले का? त्याने नाही म्हणून मान हलवली.

"शेवटी शेवटी ती शांत होते ना साहेब, तवा माह्यं नाव घेऊन पाणी मागते," तो म्हणाला. "तेवढंच आयकतो."