नदीच्या अलीकडं राहिलेली म्हातारी

अंगात येणं, भूतबाधा, मागचा जन्म... ह्यातलं मी कधी काही मानलं नाही. शेजारणी ताईत आणायला खुलताबादला निघाल्या की मी कामाचं निमित्त काढून घरीच राहायचे. म्हणून हे कुणाला तोंडानं सांगितलं नाही. इथं नाव न टाकता लिहिते आहे.

आम्ही तेव्हा बिडकीनला राहत होतो. ह्यांची नोकरी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात. जाण्यायेण्यातच जीव जायचा, म्हणून तिकडं फ्लॅट घेतला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गुडघ्यांनी अगदी बसलेल्या. त्यांना बिडकीनलाच ठेवायचं, शेजारची बाई भाकरी देईल, असं ह्यांनी आणि दिरांनी ठरवलं. "तिला तिकडं करमायचं नाय," हे म्हणाले. आत्याबाईंना कुणी विचारलं नाही. मला ते पटत नव्हतं, पण चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

लेकीनं कॉलेजच्या लायब्ररीतून आणलेली एक कादंबरी घरी राहिली होती. फार फार जुन्या काळातल्या माणसांची... शेती नाही, लोखंड नाही, दगडाची हत्यारं आणि गुहेत जाळ. मी चौथी शिकलेली, मला मनात वाचता येत नाही. बोट ठेवून मोठ्यानं वाचावं लागतं. दुपारी मी वाचायचे आणि आत्याबाई पडल्या पडल्या हुंकार द्यायच्या. कहाणीला हुंकार नसला तर ती वाट चुकते, असं त्या म्हणत. मध्येच विचारायच्या, "मीठ व्हतं का गं त्यांच्यात?"

"पुस्तकात नाय दिलं."

"मग काय खाक चव लागत आसंल."

त्या दुपारी गोष्टीत दुष्काळ पडला. टोळी नदी ओलांडून निघाली. एका म्हातारीला चालवेना. तिच्याजवळ जाळ आणि थोडी कंदमुळं ठेवून सगळे गेले. पुढच्या ओळीत तिची सून एकदा मागं वळून बघते आणि चालू लागते. ती ओळ मला वाचवेना. बोट तिथंच थांबलं.

मी गप्प होते... पण हुंकार थांबला नाही. हं... हं... हळू, एका लयीत, जणू कुणीतरी वाचतंच आहे.

मग माझ्या पायांना गार पाणी लागलं. डोळे उघडे होते, भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं आणि त्याच्यातूनच नदीही दिसत होती. तळाला हिरवे, गुळगुळीत दगड. पाठीवर ओझं होतं, नुसती हाडं, हलकं. मानेवर कुणाचा तरी उबदार श्वास. धुराचा वास. भीती वाटली नाही. तसंच चालत राहावं असं वाटत होतं. तेवढ्यात डाव्या अंगठ्याला दगड लागला आणि कळ मस्तकात गेली. मी बसल्या जागेवरून हललेही नव्हते.

"लागलं का गं?" आत्याबाईंनी विचारलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. "डाव्या पायाला लागलं. तरी सोडलं नाय तू मला... लई गार पाणी व्हतं."

संध्याकाळी ह्यांना वाढताना मी म्हणाले, "आत्याबाई आपल्यासंगं येतील."

"अन् तीन जिने कोण चढवणार?"

"मी."

"पाठीवर घेऊन?"

"व्हय."

हे ताटावरून वर बघत राहिले. लग्न झाल्यापासून मी असं कधी बोलले नव्हते. पण जायच्या दिवशी नव्या घराच्या जिन्यापाशी त्यांनीच आईपुढं पाठ वाकवली. आत्याबाई इतक्या लाजल्या की "उतरव रं, माणसं बघतेत," म्हणत वरपर्यंत गेल्या.

कादंबरी मी पुढं शेवटपर्यंत वाचली. तिच्यात सून माघारी येत नाही. म्हातारी नदीच्या अलीकडंच राहते. पाठीवर घेतल्याचं, दगड लागल्याचं कुठंच नाही. माझ्या अंगठ्याचं नख मात्र काळं पडून गळालं.

नव्या घरात एकदा धीर करून आत्याबाईंना विचारलं, त्या दुपारचं तुम्हाला कसं कळलं?

त्या माझ्याकडं नवलानं बघायला लागल्या. "मला कसं कळंल? तूच वाचत व्हतीस की."

मी वाचत नव्हते. एवढंच मला पक्कं माहीत आहे. बाकीचं अजून उलगडलेलं नाही.